रात्रीची स्वप्नं, सकाळची आठवण

‘मला स्वप्नंच पडत नाहीत’ असं ठामपणे सांगणारं एखादं माणूस बहुतेक घरांत असतं. त्याच घरात दुसरं कुणी सकाळी चहा घेता घेता रात्रीचं स्वप्न अथपासून इतिपर्यंत सांगतं आणि पहिल्याला वाटतं, ही देणगी काही आपल्याला नाही. या दोघांत फरक आहे तो आठवणीचा. स्वप्नं दोघांनाही पडतात, हे गेल्या सव्वाशे वर्षांत हळूहळू आणि बऱ्याच खटाटोपानं सिद्ध होत गेलं. निरोगी प्रौढ माणसाच्या सात-आठ तासांच्या झोपेत चार ते सहा वेळा तरी स्वप्नांचा काळ येऊन जातो. त्यातलं सकाळी हाती लागतं ते बहुतेकांच्या बाबतीत आठवड्याला एखाद-दुसरं स्वप्न, तेही अर्धवट. म्हणजे वर्षाकाठी दीड हजार स्वप्नं पाहणारा माणूस त्यांतली शंभरही सांगू शकत नाही. एवढी मोठी गळती कुठे होते, कशी होते आणि ती थोडीफार थांबवता येते का, हा या पुस्तकाचा विषय आहे.

‘रात्री किती स्वप्नं पडतात?’ हा प्रश्न ऐकायला सरळ मोजणीचा वाटतो. पण मोजणार कोण? झोपलेल्या माणसाला मोजता येत नाही आणि त्याच्या शेजारी जागत बसलेल्याला ती दिसत नाहीत. उरतो तो जागा झालेला माणूस, आणि तो सांगेल ते. म्हणून स्वप्नांच्या संख्येविषयी जो आकडा आपण वाचतो, त्यामागे कुणाला उठवलं, केव्हा उठवलं, उठवल्यावर नेमकं काय विचारलं, या गोष्टी असतात. पुढची प्रकरणं वाचताना वाचकानं एवढं ध्यानात ठेवावं. यंत्रांनी आपल्याला पुष्कळ शिकवलं, पण स्वप्न कळण्यासाठी अजूनही ते पाहणाऱ्यालाच विचारावं लागतं.

या मोजणीची सुरुवात मी मेरी व्हिटन कॅल्किन्स यांच्यापासून धरते. अमेरिकेतल्या वेलस्ली महाविद्यालयात शिकवणाऱ्या या बाईंनी क्लार्क विद्यापीठातले एडमंड सॅनफर्ड यांच्या साथीनं एक साधा, पण झोपेचं खोबरं करणारा उद्योग आरंभला. रात्रीच्या वेगवेगळ्या वेळांचा गजर लावायचा, जाग आली की स्वप्न तिथल्या तिथे लिहायचं, वेळ टिपायची आणि पुन्हा झोपायचं. गजराशिवाय जाग आली तरी हेच. कॅल्किन्स यांनी अशा ५५ रात्रींत २०५ स्वप्नं लिहिली. सॅनफर्ड यांच्या ४६ रात्रींत १७० भरली. भागाकार करून पाहिला तर दोघांचीही सरासरी रात्रीला पावणेचारच्या जवळ येते. मेंदूतले विद्युतप्रवाह टिपणारं यंत्र तेव्हा नव्हतं. गजराचं घड्याळ, मेणबत्ती, काडेपेटी, कागद आणि पेन्सिल एवढ्या सामानावर काढलेला हा आकडा साठ वर्षांनी प्रयोगशाळेतल्या यंत्रांनी काढलेल्या आकड्याच्या अगदी जवळ जातो. १८९३ साली हे काम ‘अमेरिकन जर्नल ऑफ सायकॉलॉजी’मध्ये छापून आलं.

त्या लेखातली मला सर्वांत मोलाची वाटणारी जागा आकड्यांची नाहीच. कॅल्किन्स लिहितात त्याचा आशय असा : स्वप्न धरून ठेवायचं तर जाग येताक्षणी सगळं लक्ष त्याच्यावरच लागतं. कागदासाठी हात लांब केला, मेणबत्ती पेटवायला काडी ओढली, एवढ्याशा हालचालीनंही ते विरून जातं. मागे उरते ती फक्त एक चुटपुट, की काहीतरी छान घडत होतं आणि आपण त्यात होतो. पण काय घडत होतं त्याचा मागमूसही नाही. हे वाचताना आपलाच अनुभव कुणीतरी शेजारी बसून सांगत असल्यासारखं वाटतं. गेल्या पन्नास वर्षांत स्वप्नांच्या विस्मरणावर जे प्रयोग झाले, त्यांतले निम्मेअधिक या एका निरीक्षणाचेच पडताळे आहेत, असं माझं मत आहे. आणि या बाईंना हार्वर्डनं डॉक्टरेट दिली नाही. परीक्षा झाली, परीक्षकांनी एकमतानं वाखाणलं, तरी स्त्री म्हणून पदवी नाकारली. पुढे १९०५ मध्ये अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या त्या पहिल्या स्त्री अध्यक्ष झाल्या. स्वप्नांचा इतिहास सांगताना फ्रॉइडपासून सुरुवात करण्याची आपल्याकडे रीत पडून गेली आहे. त्यात कॅल्किन्स यांचं नाव मागे राहतं. या पुस्तकात तरी ते पुढे यावं, अशी माझी इच्छा होती.

फ्रॉइड यांच्याविषयी इथे थोडक्यात. त्यांच्या १९००च्या ग्रंथात स्वप्न विसरण्यावर स्वतंत्र विवेचन आहे. मनाला नकोशा वाटणाऱ्या इच्छा स्वप्नात डोकावतात आणि मनातलाच एक पहारेकरी त्यांना सकाळी दारातून बाहेर पडू देत नाही, असं त्यांच्या म्हणण्याचं सार. हे स्पष्टीकरण देखणं आहे, पण मला पटत नाही. लाज वाटावी अशी स्वप्नंच तेवढी विसरली जात असती, तर गोष्ट वेगळी. प्रत्यक्षात बाजारात भाजी घेतल्याचं, जुन्या शाळेच्या जिन्यावरून उतरल्याचं, कुणाशी तरी गाडीच्या वेळेबद्दल बोलल्याचं निरुपद्रवी स्वप्नही तितक्याच वेगानं पुसलं जातं. उलट भीतीची, शरमेची स्वप्नंच पुष्कळदा दिवसभर पिच्छा पुरवतात.

खरा उलगडा सुरू झाला तो शिकागो विद्यापीठात. नॅथॅनिएल क्लाइटमन हे आयुष्यभर झोपेचाच अभ्यास केलेले शास्त्रज्ञ. त्यांच्याकडे युजीन ॲसरिन्स्की नावाचा विद्यार्थी होता. घरची ओढाताण, पदरात मूल, पदवी हाती नाही. त्यानं अडगळीत पडलेलं मेंदूलहरी टिपणारं एक यंत्र दुरुस्त केलं आणि १९५१च्या डिसेंबरात आपल्या आठ वर्षांच्या मुलाच्या, आर्मंडच्या, डोळ्यांभोवती आणि डोक्याला तारा चिकटवून त्याला झोपवलं. शेजारच्या खोलीत लेखण्या कागदावर चालू लागल्या. एका रात्रीत जवळजवळ अर्धा मैल कागद सरत असे. मध्यरात्री लेखण्या अचानक जोरजोरानं हलू लागल्या. मुलगा जागा होऊन इकडेतिकडे पाहत असावा तशा. ॲसरिन्स्की आत जाऊन पाहतो तर मुलगा गाढ झोपलेला, आणि मिटल्या पापण्यांखाली बुबुळं सरसर फिरताहेत. यंत्रच बिघडलं असेल, असं त्याला आधी वाटलं. क्लाइटमन यांचाही विश्वास बसेना. त्यांनी स्वतःच्या मुलीवर पडताळा घेतला. मग मोठ्या माणसांना झोपेतून उठवून विचारायला सुरुवात झाली. डोळे फिरत असताना २७ वेळा उठवलं, त्यांपैकी २० वेळा माणसांनी तपशीलवार स्वप्न सांगितलं. डोळे स्थिर असताना २३ वेळा उठवलं, त्यांपैकी १९ वेळा काहीच आठवलं नाही. १९५३ साली ‘सायन्स’मध्ये हे दोन पानी टिपण प्रसिद्ध झालं. या झोपेला पुढे इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘रेम’ हे नाव मिळालं. फ्रान्समध्ये लियाँचे मिशेल जूवे यांनी तिला विरोधाभासी झोप म्हटलं, कारण तिच्यात मेंदू जागेपणासारखा धावत असतो आणि शरीराचे स्नायू मात्र पार ढिले पडलेले असतात.

त्यानंतर विल्यम डिमेंट आले. १९५७ मध्ये त्यांनी आणि क्लाइटमन यांनी नऊ जणांवर केलेला अभ्यास मी पुनःपुन्हा वाचला आहे, कारण त्यात आपल्या प्रश्नाच्या दोन्ही बाजू एकत्र आल्या आहेत. रेम झोपेतून १९१ वेळा उठवलं, १५२ वेळा स्वप्न आठवलं. म्हणजे पाचातल्या चार खेपांना. इतर झोपेतून १६० वेळा उठवलं, फक्त ११ वेळा आठवलं. इथवरचं सगळीकडे छापलेलं असतं. त्याच निबंधात पुढे आणखी एक हिशेब आहे, त्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. रेमचा टप्पा संपल्यावर आठ मिनिटांच्या आत उठवलेल्या १७ खेपांपैकी ५ वेळा स्वप्न आठवलं. आठ मिनिटं उलटून गेल्यावर उठवलेल्या १३२ खेपांपैकी फक्त ६ वेळा. वीस मिनिटं रंगलेलं स्वप्न, त्यातली माणसं, त्यातली घालमेल. आणि ते संपल्यावर जाग न येता आठ मिनिटं गेली की बहुतेक सगळं पुसलेलं. ‘मला स्वप्नंच पडत नाहीत’ या वाक्याला याहून नेमकं उत्तर मला सापडलेलं नाही.

आता रात्रीचा आराखडा पाहू. झोप लागल्यावर साधारण दीड तासानं पहिली रेम येते, पाच-दहा मिनिटं टिकते आणि जाते. पुन्हा गाढ झोप. असं हे चक्र दर नव्वद मिनिटांनी फिरत राहतं, पण प्रत्येक फेरीला गाढ झोपेचा वाटा कमी होतो आणि रेमचा वाढतो. पहाटेची शेवटची रेम अर्धा तास किंवा त्याहूनही अधिक चालते. सगळं मिळून प्रौढ माणसाच्या झोपेचा वीस ते पंचवीस टक्के भाग, म्हणजे रात्रीला दीड-दोन तास. नवजात बाळात हे प्रमाण निम्म्याच्या घरात असतं.

आपल्याकडे ‘पहाटेचं स्वप्न खरं होतं’ असं म्हणतात. अग्निपुराणात तर त्याचं वेळापत्रकच दिलेलं आहे : पहिल्या प्रहरातलं स्वप्न वर्षानं फळतं, दुसऱ्यातलं सहा महिन्यांनी, तिसऱ्यातलं तीन महिन्यांनी, चौथ्यातलं पंधरवड्यात आणि अरुणोदयाचं दहा दिवसांत. फळाचं सोडून देऊ. स्वप्न पुढचं सांगतं यावर माझा विश्वास नाही. पण हे लिहिणाऱ्यांनी दोन गोष्टी नीट पाहिल्या होत्या, हे मानायलाच हवं. एक, स्वप्नं रात्रीच्या चारही प्रहरांत पडतात. दुसरी, जसजशी पहाट जवळ येते तसतसं स्वप्नाचं वजन वाढतं. ते लांबतं, ठसठशीत होतं आणि त्यातूनच थेट जाग येत असल्यानं लक्षात राहतं. पहिल्या प्रहरातली स्वप्नं सकाळपर्यंत कुणाला आठवतच नाहीत, तर ती खरी झाली की खोटी हे कोण पाहणार? खरं ठरण्यासाठी स्वप्न आधी लक्षात तर राहायला हवं, आणि ते भाग्य बहुधा पहाटेच्याच स्वप्नाला मिळतं.

एक शंका मात्र जुनी आणि चिवट आहे. स्वप्न खरोखर झोपेत घडतं, की जाग येताना क्षणार्धात रचलं जातं? एकोणिसाव्या शतकात फ्रान्सच्या आल्फ्रेद मोरी यांनी आपलं एक स्वप्न नोंदवलं. फ्रेंच राज्यक्रांतीचा दहशतीचा काळ, खटला, गर्दीतून वधस्तंभाकडे नेणारी गाडी, आणि शेवटी मानेवर पडणारं गिलोटिनचं पातं. दचकून उठले तर पलंगाचा एक दांडा निसटून खरोखरच मानेवर पडला होता. म्हणजे दांडा पडला आणि जाग आली यांमधल्या पळभरात एवढं लांबलचक स्वप्न! या एका किश्श्यानं पुढच्या कितीतरी पिढ्यांची समजूत करून दिली की स्वप्नं क्षणात घडतात. डिमेंट आणि क्लाइटमन यांनी ती तपासली. रेम सुरू झाल्यावर कधी पाच मिनिटांनी, कधी पंधरा मिनिटांनी माणसाला उठवायचं आणि विचारायचं, स्वप्न पाच मिनिटं चाललं होतं की पंधरा? दहांतल्या आठ खेपांना उत्तर बरोबर आलं. पंधरा मिनिटांनी उठवलेल्यांनी सांगितलेली स्वप्नंही जास्त शब्दांची होती. शिवाय क्वचित डोळ्यांच्या हालचालींनीही साक्ष दिली. एकाची बुबुळं फक्त डावी-उजवीकडे फिरत होती; उठवल्यावर त्यानं सांगितलं की दोन माणसं एकमेकांवर टोमॅटो फेकत होती आणि तो ते पाहत होता. असा मेळ प्रत्येक वेळी बसत नाही, हेही पुढे दिसलं. पण स्वप्नाला वेळ लागतो, ही गोष्ट त्या प्रयोगांनी पक्की केली.

मग १९६२ मध्ये डेव्हिड फोक्स यांनी फक्त प्रश्न बदलला आणि सगळी मोजणी हलली. ‘स्वप्न पडत होतं का?’ असं न विचारता त्यांनी विचारलं, ‘आत्ता मनात काय चाललं होतं?’ रेम नसलेल्या झोपेतून उठवलेल्यांनीही निम्म्याहून अधिक वेळा काही ना काही सांगितलं. कुणी उद्याच्या परीक्षेचा विचार, कुणी एखादं चित्र, कुणी चक्क स्वप्न म्हणावं असं. रेममधल्या स्वप्नांइतकं ते लांब आणि चमत्कारिक बहुधा नसतं, पण असतं. तेव्हा चार ते सहा हा आकडा रेमच्या फेऱ्यांचा आहे. शिवाय एकाच रेममध्ये देखावा दोन-तीनदा बदलला तर ते एक स्वप्न की तीन? आजोळचं घर बघता बघता रेल्वे स्टेशन होतं, तिथे स्वप्न संपतं की चालू राहतं? माझ्या मते प्रामाणिक उत्तर एवढंच : रात्रीत किमान चार-पाच स्वप्नं, आणि त्यांच्या आजूबाजूला सतत चाललेली मनाची कुजबुज, जिची गणती करण्यात अर्थ नाही.

या पुस्तकाचा मोठा भाग विसरण्यावर आहे, आणि ते योग्यच आहे. मेंदूच्या देठात एक अगदी छोटं, निळसर रंगाचं केंद्र असतं. जागेपणी त्यातून नॉरॲड्रेनलिन हे द्रव्य मेंदूभर पोचतं आणि ‘हे लक्षात ठेवण्याजोगं आहे’ असा शिक्का अनुभवावर बसायला मदत होते. रेम झोपेत हे केंद्र जवळजवळ गप्प असतं. म्हणजे देखावा चालू, भावना उसळलेल्या, पण नोंद करणारा कारकून रजेवर. २०१९ मध्ये जपानमधल्या नागोया विद्यापीठातल्या गटानं उंदरांवर काम करून आणखी एक धागा दाखवला. रेमच्या वेळी चाळवणाऱ्या काही विशिष्ट पेशी आठवण पक्की होण्यात अडथळा आणतात. त्या बंद ठेवल्या तर उंदरांची आठवण सुधारते. उंदरांवरून माणसांच्या स्वप्नांकडे उडी मारणं घाईचं होईल, पण विसरणं हा मेंदूचा दोष नसून त्याचं एक काम असावं, ही कल्पना यामुळे बळावली.

मग काहींना रोज कसं आठवतं? लियाँमध्ये पेरीन रुबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन गटांची झोप तपासली. एका गटाला आठवड्यातले पाच दिवस स्वप्न आठवे, दुसऱ्याला महिन्यातून जेमतेम दोनदा. दोन्ही गट रात्रीत मधूनमधून क्षणभर जागे होत होते, पण पहिल्या गटाचं असं जागेपण रात्रभरात मिळून सुमारे तीस मिनिटं भरलं, दुसऱ्याचं पंधरा. स्वप्न कच्च्या आठवणीतून पक्क्या आठवणीत जायला थोडं तरी जागेपण लागतं, आणि ज्यांची झोप किंचित सावध असते त्यांना ते मिळतं. घरातल्या आज्यांना स्वप्नं जास्त आठवत, याचं एक कारण त्यांची रात्रभर तान्ह्याकडे, गोठ्याकडे, दाराकडे कान लावलेली झोप असेल का, असा विचार माझ्या मनात येतो. तो अंदाजच आहे. पण स्त्रियांना पुरुषांपेक्षा स्वप्नं थोडी अधिक आठवतात, हे अनेक देशांतल्या पाहण्यांत दिसलं आहे.

जाग आल्यावरच्या पहिल्या मिनिटाचं महत्त्व १९७३ मध्ये कोहेन आणि वुल्फ यांच्या एका साध्या प्रयोगानं दाखवलं. काही जणांना सांगितलं, उठलात की आधी हवामान खात्याच्या क्रमांकावर फोन करा, आजचं तापमान लिहून घ्या, मगच स्वप्न लिहा. बस्स, एवढंच. त्यांची आठवण लक्षणीय घटली. आज आपण सगळेच हा प्रयोग रोज स्वतःवर करतो. डोळे पुरते उघडायच्या आत हात मोबाइलकडे जातो, तीन निरोप वाचले जातात, आणि नंतर आपण म्हणतो, काल रात्री काहीच दिसलं नाही.

मुळीच स्वप्न न पडणारी माणसं अजिबात नसतात, असं नाही. मार्क सोल्म्स यांनी १९९७ मध्ये मेंदूला इजा झालेल्या रुग्णांचा मोठा अभ्यास मांडला. मेंदूच्या काही ठरावीक भागांना धक्का बसलेल्यांची स्वप्नं खरोखरच थांबली होती, रेम झोप शाबूत असतानाही. पण अशी माणसं विरळ. धडधाकट माणसाच्या ‘मला पडत नाहीत’ या दाव्याची कसोटी पॅरिसमधल्या इझाबेल आर्नुल्फ यांच्या गटानं वेगळ्याच वाटेनं घेतली. रेममध्ये स्नायू ढिले पडण्याची यंत्रणा काही जणांत बिघडते आणि ते स्वप्न हातापायांनी जगू लागतात. ठोसे मारतात, ओरडतात, पलंगावरून उड्या घेतात. हा विकार १९८६ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटात पहिल्यांदा नीट वर्णिला गेला. अशा रुग्णांत काही जण सापडले ज्यांना वर्षानुवर्षं, काहींना जन्मात, एकही स्वप्न आठवत नव्हतं. कॅमेऱ्यात मात्र ते रात्री भांडताना, बोलताना, कुणाला तरी दूर लोटताना दिसत होते. सकाळी विचारलं तर पाटी कोरी. एक गोष्ट इथेच सांगून ठेवते : पन्नाशीनंतर घरातलं कुणी झोपेत वारंवार असे हातपाय झाडू लागलं, तर थट्टेवारी न नेता मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावं. पार्किन्सनसारख्या आजारांची ती पुष्कळ आधीची खूण असू शकते.

स्वप्न निसटण्याची सर्वांत प्रसिद्ध कथा ऑटो लोवी यांची. ऑस्ट्रियातल्या ग्राझमध्ये राहणारे हे शास्त्रज्ञ एका रात्री जागे झाले, स्वप्नात सुचलेलं पातळशा चिटोऱ्यावर खरडलं आणि पुन्हा झोपले. सकाळी लक्षात आलं की काहीतरी फार महत्त्वाचं लिहिलं आहे, पण अक्षर लागेना. सबंध दिवस त्या रेघोट्यांकडे पाहण्यात गेला. दुसऱ्या रात्री तीन वाजता ती कल्पना परत आली. या वेळी ते लिहायला थांबलेच नाहीत. उठून प्रयोगशाळेत गेले आणि बेडकाच्या हृदयावर प्रयोग केला. मज्जातंतू रासायनिक द्रव्याच्या मार्फत संदेश देतात, हे त्यातून सिद्ध झालं. १९२१ मध्ये तो प्रयोग प्रसिद्ध झाला आणि १९३६ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं.

पण मला याहून जवळची वाटते ती आपल्या तुकोबांची नोंद. बाबाजींनी स्वप्नात अनुग्रह दिला, तो प्रसंग त्यांनी अभंगात सांगितला आहे. तो भक्तीनं वाचणाऱ्यांनी वाचावाच. स्वप्नांचा अभ्यास करणाऱ्यानं तो स्वप्नाची नोंद म्हणूनही वाचून पाहावा. गंगास्नानाला जाताना वाटेत गाठ पडली. मस्तकावर हात ठेवला. भोजनासाठी पावशेर तूप मागितलं, आणि त्याचा स्वप्नातच विसर पडला. मध्येच काही अंतराय आला आणि गुरूंनी निघण्याची त्वरा केली. गुरुपरंपरेची नावं, मंत्र, आणि शेवटी तिथी-वार : माघ शुद्ध दशमी, गुरुवार. स्वप्नाचा अचानक झालेला शेवट, मोठ्या प्रसंगात घुसलेला तुपाचा घरगुती तपशील, राहून गेलेल्या गोष्टीची रुखरुख, यांतलं काही गाळलेलं नाही. ‘पावशेर’ हे मापसुद्धा जसंच्या तसं ठेवलं आहे. रचून सांगणाऱ्यानं तूप द्यायचं राहिलं हे कशाला सांगितलं असतं? बहिणाबाईंनीही तुकोबांचा अनुग्रह आपल्याला स्वप्नातच झाल्याचं लिहून ठेवलं. वारकरी परंपरेत स्वप्न सांगण्याची, जपण्याची आणि त्याची तिथी लक्षात ठेवण्याची ही शिस्त होती. तिच्याकडे आपल्या मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी अजून पुरेसं वळून पाहिलेलं नाही, याची मला खंत आहे.

पुस्तक वाचून कुणाला आपली स्वप्नं आठवून पाहावीशी वाटली, तर मार्ग अवघड नाही आणि खर्चाचा तर मुळीच नाही. झोप पुरेशी घ्यावी, कारण सहा तासांवर थांबणारा माणूस नेमकी पहाटेची लांब रेमच कापून टाकतो. रात्रीची दारू सुरुवातीची रेम दडपते. नैराश्यावरची बरीचशी औषधंही रेम कमी करतात. पण स्वप्नांसाठी म्हणून कुणी ती आपल्या मनानं बंद करू नयेत, डॉक्टरांशी बोलावं. झोपताना ‘उद्या आठवायचं आहे’ असं स्वतःला सांगून ठेवलं तर फरक पडतो, कारण स्वप्नांत रस असणाऱ्यांना ती अधिक आठवतात असं पाहणीत दिसत आलं आहे. जाग आली की कूस न बदलता, डोळे न उघडता थोडा वेळ तसंच पडून राहावं. शेवटचं जे चित्र हाती असेल ते धरावं आणि तिथून मागे मागे जावं. चित्र नसेल तर नुसती भावना, तीही नसेल तर एखादा रंग, एखादं नाव. काहीच नसेल तर ‘काही होतं, आठवत नाही’ एवढं तरी लिहावं. झोपेच्या अभ्यासकांनी अशा जागेपणाचीही वेगळी नोंद ठेवली आहे, त्याला ते कोरं स्वप्न म्हणतात. आठवडा-दोन आठवड्यांत बहुतेकांची वही भरू लागते.

अर्थ लावायची घाई मात्र करू नये. सर्प दिसला म्हणजे काय आणि दात पडला म्हणजे काय, याची तयार कोष्टकं बाजारात भरपूर मिळतात. हे पुस्तक त्यांतलं नाही. एकच भीतीचं स्वप्न पुनःपुन्हा झोप मोडत असेल तर त्यावर आज उपचार आहेत, ते घ्यावेत. बाकी स्वप्नं आहेत तशी, सुधारून न घेता, स्वप्नातल्याच क्रमानं लिहावीत. जाग कधी आली ती वेळ घालावी, आणि तारीख-वार घालायला विसरू नये. महिन्यांनंतर वही उलटून पाहताना सर्वांत जास्त उपयोग त्याच नोंदीचा होतो.